आठवीच्या वर्गाचं एकमत

माझी धाकटी भावजय शाळेत भूगोल शिकवते. मुलं तिला भोंगा म्हणतात, हे तिला माहीत आहे आणि त्याचं तिला काही वाटत नाही. "निदान ऐकू तरी जातं, ताई. आमच्याकडे बाकीचे काय शिकवतात ते पहिल्या बाकालाही कळत नाही." ती लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरात सगळे हळू बोलायचे. वडिलांना मीठ हवं असलं तरी ते नुसते खाकरायचे. हिनं पहिल्याच आठवड्यात जेवताना विचारलं, "इथं कुणी आजारी आहे का?" माझा भाऊ तेव्हा हसला, तो अजून हसतोच आहे. त्याला स्वतःला बोलायची गरज उरलेली नाही.

दोष पुष्कळ आहेत तिच्यात. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही. चहा उभ्यानं प्यायचा आणि कप जिथं संपेल तिथं ठेवायचा, मग तो खिडकीत सापडो नाहीतर कपड्यांच्या कपाटात. कुठल्याही कामाला नाही म्हणायचं नाही आणि नंतर त्या कामापायी घरादाराला धारेवर धरायचं. पण सगळ्यात मोठा दोष म्हणजे आपण चांगल्या आहोत, पुढारलेल्या आहोत, मुलांच्या बाजूच्या आहोत, याबद्दल तिला कधी शंकाच आलेली नव्हती. पुढचं रामायण त्यातूनच झालं.

वरून पत्रक आलं. सगळ्या शाळांनी मुलांमधली दादागिरी आणि नशा या दोन्हींना आळा घालण्यासाठी "सोपे उपक्रम" आखावेत आणि केल्याचं कळवावं. त्यात "सोपे" हा शब्द ज्यानं घातला त्याला मला एकदा भेटायचं आहे. एक मूल दुसऱ्या मुलाचा वर्षभर जीव खातं, सगळा वर्ग ते बघतो, शिक्षकाला दिसत नाही, आणि याला उपाय सोपा हवा.

मुख्याध्यापकांनी काम अर्थातच हिच्या गळ्यात घातलं. हे गृहस्थ म्हणजे टेबलावरची काच स्वतःच्या रुमालानं पुसणारा माणूस. काचेखाली सगळ्या पाहुण्यांबरोबरचे त्यांचे फोटो. ते म्हणाले, "बाई, खर्च नको, तास बुडायला नकोत, आणि शनिवारी पाहुणे येतील त्यांना काहीतरी दिसलं पाहिजे."

हिनं पहिल्यांदा जे आखलं ते चांगलं होतं, हे मला कबूल केलंच पाहिजे. माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून आखलं. प्रत्येक वर्गात मुलांनी जोडीजोडीनं नुसता बोलायचा सराव करायचा. कुणी कुणाला छळताना दिसलं तर तोंडातून काय काढायचं? "सोड तिला." "चल, माझ्या बाकावर बस." "मी बाईंना सांगणार आहे, तू पण चल." एवढंच. कारण मुलं वाईट नसतात, त्यांना ऐन वेळी शब्द सुचत नाहीत. मोठ्यांनाही सुचत नाहीत. मी म्हटलं, हे कर.

मुख्याध्यापकांनी कागद वाचला आणि विचारलं, "यात बघण्यासारखं काय आहे?"

झालं. मग नाटुकलं. एक हुशार मुलगा, त्याला वर्गातले दांडगट छळतात, तो वाईट संगतीला लागतो, पुड्या घ्यायला लागतो, आई रडते, मित्रांचे डोळे उघडतात आणि शेवटी सगळे हात धरून गातात. मी म्हटलं, "अगं, हे काय लिहिलंयस? छळ झाला की मूल थेट पुडीपाशी, आणि गाणं झालं की थेट घरी?"

"सोपं आहे, ताई. सोपंच मागितलंय."

"मग फार सोपं केलंयस."

"तुम्ही नुसत्या चुका काढा. मुखवटे कोण रंगवणार, ते सांगा आधी."

मुखवटे मी रंगवले. दांडगटांचे.

आता आठवीच्या वर्गात भूमिका वाटायच्या होत्या. आई व्हायला पाचसहा मुली तयार. दांडगट व्हायला तर मारामारी. पण नशा करणारा मुलगा व्हायला कुणी उठेना. तेव्हा हिनं तिची लोकशाही काढली. "मी कुणावर लादणार नाही. तुम्हीच ठरवा. नाव सुचवा, आणि ज्यांना पटेल त्यांनी हात वर करा." मागून कुणीतरी एका मुलीचं नाव घेतलं. आणि सगळ्या वर्गाचे हात एकदम वर गेले.

त्या संध्याकाळी भावजय आमच्याकडे आली ती दारातूनच सांगत. "ताई, एकमतानं. एकही हात खाली नाही. आणि मुलाची भूमिका मुलीला दिली हो पोरांनी, कुणी हसलंसुद्धा नाही. किती पुढारलेला वर्ग आहे माझा."

"ती काय म्हणाली?"

"ती काय म्हणणार? उठली आणि पुढे आली. शांत पोर आहे."

"अगं, ज्या वर्गाचं खिडकी उघडावी की नाही यावर एकमत होत नाही, त्याचं यावर कसं झालं?"

"तुम्हाला चांगलं काही दिसतच नाही," ती म्हणाली, आणि कप माझ्या पुस्तकांच्या फळीवर ठेवून गेली.

ती मुलगी वेल्डरची. बाजारामागच्या गल्लीत बापाचं पत्र्याचं दुकान आहे, जाळ्या, फाटकं, जिन्याचे कठडे करून देतो. शाळा सुटली की मुलगी दुकानात. बाप टाका मारतो तेव्हा लोखंडाचा तुकडा हलू नये म्हणून ती धरून ठेवते. डोळ्यांवर धरायची काळी काच एकच, ती बापाकडे. मुलगी तोंड फिरवते, पण सारखं कसं फिरवणार? त्यामुळे तिचे डोळे बहुतेक वेळा लाल, सुजलेले, पाणावलेले. अंगानं काटकुळी. उजेड सहन होत नाही म्हणून वर्गात मान खाली. बघणाऱ्यानं बघितलं असतं तर विचारलं असतं, बाळ, डोळ्यांना काय झालं? शाळेत दोन वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं. भावजयीनंही नाही. घसा फोडून जगातल्या नद्या शिकवल्या, आणि समोरच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं नाही.

तालमी चालू झाल्या. मुलीनं काम चांगलं केलं म्हणे. डोळ्यांखाली काजळ फासलेलं, केस विस्कटलेले, हातात पुडी, अशा अवस्थेत तिचा फोटो काढला गेला, आणि शनिवारच्या कार्यक्रमाचा म्हणून मोठा फ्लेक्स छापून शाळेच्या फाटकावर बांधला गेला. फ्लेक्सवर वर मुख्याध्यापक आणि पाहुणे, हसत. खाली मधोमध माणसाच्या उंचीएवढी ती पोर, आणि शेजारी लाल अक्षरांत "याला वेळीच ओळखा". नाटकाचं नाव नाही, ही भूमिका आहे असा शब्द नाही. रस्त्यानं जाणाऱ्या माणसानं काय समजावं?

तो जे समजायचा तेच समजला. दुकानात गिऱ्हाईक येऊन बापाला म्हणालं, "मुलीकडे लक्ष द्या हो जरा. शाळेनं बोर्डच लावलाय."

दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत आली नाही. तालमीला नायक नाही म्हणून भावजय चिडली, तिच्या बाकाकडे गेली, आणि बाकाच्या खणात तिला पुड्या सापडल्या. वहीच्या कागदाच्या, नीट घड्या घातलेल्या. आत खडूची भुकटी. एक नाही, खणभर. एकीवर लिहिलं होतं, "आजचा डोस".

हिनं पुड्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, हे काय आहे. मग पहिल्या बाकावरची एक अभ्यासू मुलगी, जिचा हात नेहमी सगळ्यात आधी वर जातो, ती अगदी समजावून सांगावं तसं म्हणाली, "बाई, आम्ही तिला सहावीपासूनच गर्दुल्ली म्हणतो ना. म्हणून तर तिचं नाव सुचवलं. तुम्हाला आवडलं होतं की."

ते एकमत काय होतं ते आता कळलं. दोन वर्षं जे मागच्या बाकांवर, पाण्याच्या टाकीपाशी, जिन्यात चाललं होतं, ते हिनं फळ्यासमोर आणलं, मोजलं, आणि वर शाबासकी दिली. दादागिरीविरुद्धच्या उपक्रमात दादागिरीला शाळेचा शिक्का मिळाला. मला इतका संताप आला होता की त्या दिवशी मी तिला घरात बसायलाही सांगितलं नाही. तीही बसली नाही. आवाज नव्हताच तिला. म्हणाली, "ताई, माझ्याबरोबर दुकानात चला. मला एकटीला जाता येणार नाही."

आम्ही गेलो. बापानं काच खाली केली आणि बघितलं. मळकट बनियन, हातावर भाजल्याचे जुने डाग. दुकानात काळी काच तेवढी एकच. मुलगी मागे उकिडवी बसून खिडकीच्या जाळीला तांबडा रंग मारत होती. उठली नाही.

"बाई, ते काम तिला तुम्हीच दिलंत ना?" बापानं विचारलं.

"मीच दिलं."

"का?"

"वर्गानं निवडलं. मला वाटलं, तिच्या मनात असेल."

"तिला विचारलंत?"

"नाही."

"मग ठीक आहे. बघा, मला भांडायला वेळ नाही. फाटक द्यायचंय उद्या. पोरगी इथं बसेल. वाचता येतं, हिशेब येतो, बास झालं. इथं तिला कुणी काही म्हणत नाही."

मी मध्ये पडले. "अहो, आठवीत शाळा सोडवणार? अजून डोळ्यांना काच घेऊन दिली नाहीत, आणि दिवसभर इथं बसवणार? आंधळी करायचीय का तिला?" बोलून गेले. त्यालाही ते टोचलं असणार, पण त्या घटकेला टोचून काही उपयोग नव्हता.

भावजय मुलीजवळ जाऊन खाली बसली, त्या लोखंडाच्या किसात, चांगल्या साडीनिशी. "मी चुकले. तू शाळेत ये. ते काम तुला करायचं नाही."

मुलीनं कुंचला न थांबवता उत्तर दिलं. "मी फाटकावर आहेच की, बाई. आत कशाला येऊ?"

एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. मलाही तिनं बरोबर नेलं होतं. मी बाहेरच्या बाकावर होते, आणि या वेळेला तिचा आवाज परत आलेला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. फ्लेक्स उतरवा, ती म्हणाली. ते म्हणाले, शनिवार झाला की आपोआप उतरेल.

"शनिवारपर्यंत मुलगी हातची जाईल, सर."

"बाई, फ्लेक्सवर तिचं नावसुद्धा नाही. उगाच भावनिक होऊ नका. दुसऱ्या कुणाला तरी भूमिका द्या, झालं. एखादा मुलगा घ्या."

"आणि फाटकावर तिचा चेहरा?"

"चेहरा म्हणजे काय, मेकअप आहे तो. पाहुण्यांना फोटो गेलेला आहे. त्यांना आवडला. फार बोलका आहे म्हणाले."

"तुमच्या मुलीचा लावला असता का?"

मग त्यांचा थंड आवाज. "उपक्रम तुमचा. मुलं तुमची. निवड तुमच्या वर्गात झाली. मी फक्त फाटक दिलं. विसरू नका."

त्यात खोटं काही नव्हतं, हाच खरा संताप. आपलं अंग काढून घ्यायला माणसं खऱ्याच गोष्टी वापरतात.

शाळा सुटायची वेळ झाली. फाटकापाशी आयाबाप, रिक्षा, सायकली. भावजयीनं व्हरांड्यातलं एक बाक ओढत आणलं, फाटकाला लावलं आणि मला म्हणाली, "ताई, धरा." माझे गुडघे कसे आहेत ते तिला माहीत आहे. मी धरलं. साडी खोचून ती वर चढली आणि तारा सोडायला लागली. पक्कड आणायची आठवण नव्हती. बोटांनीच पीळ उलगडत होती, नखं तुटली, एका बोटातून रक्त यायला लागलं. खालून एक बाई म्हणाल्या, "अहो, इतका चांगला उपक्रम, काढताय कशाला?"

"कारण यातली मुलगी नशा करत नाही. तिचे डोळे बापाला मदत करून लाल होतात," ती वरूनच म्हणाली, आणि अर्ध्या रस्त्याला ऐकू गेलं. "तुमची मुलं तिला दोन वर्षं गर्दुल्ली म्हणतायत. घरी जाऊन विचारा. आणि हा फोटो माझ्यामुळे लागला. ते मला विचारा."

एक बाप म्हणाला, "आमचा असलं काही बोलत नाही." त्याच्या शेजारी उभा असलेला त्याचा मुलगा बुटाकडे बघत होता.

मुख्याध्यापक धावत आले. "बाई, खाली उतरा. हे शाळेच्या मालमत्तेचं नुकसान आहे."

"ही तार सुटत नाहीये, सर. तुमच्याकडे पक्कड आहे का?"

लोक हसले. त्या हसण्याचीही मला चीड आली. पोरीला दोन वर्षं हसली ती यांचीच मुलं. पण फ्लेक्स खाली आला. तिनं त्याची गुंडाळी केली आणि आम्ही तशाच दुकानात गेलो.

बापानं गुंडाळी उघडून बघितली आणि मुलीकडे दिली. ती स्वतःच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत बसली. मग तिनं तो पालथा अंथरला, वर लोखंडी जाळी ठेवली आणि रंगाचा डबा जवळ ओढला. जमिनीवर रंग सांडू नये म्हणून कामाचा होता तो.

"आता येशील?" भावजयीनं विचारलं.

"वर्गाला कोण सांगणार?"

"मी सांगेन."

"मी असताना," मुलगी म्हणाली. "मी नसताना नको."

शनिवारी कार्यक्रम झाला. दांडगटांनी माझे मुखवटे घालून नाच केला, नशा करणारा मुलगा म्हणून दुसऱ्या कुणाला तरी उभं केलं, पाहुणे बोलले, गाणं झालं. भावजयीला मंचाजवळ येऊ दिलं नाही. सोमवारी तिच्या हातात कागद पडला: आठवी काढून घेतली आहे, यापुढे पाचवी. आठवीला भूगोल शिकवायला नवे सर.

आणि त्याच सोमवारी वेल्डर मुलीला घेऊन व्हरांड्यात उभा. त्यानं सकाळचं काम बंद ठेवलं होतं. मुलीच्या डोळ्यांना नवा काळा चष्मा होता, साधाच, रस्त्यावर मिळतो तसला. मी तिथं होते, कारण भावजयीनं मला बोलावलं होतं आणि मला राहवलंही नसतं.

"वर्ग माझा राहिला नाही," भावजय बापाला म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही," असं म्हणून ती आठवीच्या दारातून सरळ आत गेली. नवे सर नकाशा लावत होते. "दोन मिनिटं," ती त्यांना म्हणाली, आणि त्यांनी काही म्हणायच्या आत वर्गाकडे वळली. मुलगी दारात उभी राहिली, आम्ही दोघं तिच्या मागे.

त्या दिवशी भावजय ओरडली नाही. हळूच बोलली, आणि आमच्या वडिलांच्या घरात वाढलेल्या मला सांगता येतं की हळू बोलणं सगळ्यांनाच साधत नाही. "तुम्ही दोन वर्षं एका मुलीला छळलंत. मला ते दिसलं नाही, कारण मी बघितलं नाही. मग मी तुम्हाला हात वर करायला सांगितले, आणि तुमच्या छळाला मी मत म्हटलं. ती नशा करत नाही. करत असती तरी तुम्हाला हा हक्क नव्हता. ज्यांनी पुड्या बांधल्या त्यांनी उभं राहायचं."

मग ती पहिल्या बाकावरची अभ्यासू मुलगी रडायला लागली, मोठ्यानं, हुंदके देत.

"रडू नकोस," भावजय म्हणाली. "आज तुझी समजूत काढायला मी आलेली नाही. बांधल्या असतील तर उभी राहा."

ती उभी राहिली. मग मागचा एक. मग खिडकीपाशी दोघं. मग बरेच. सगळे नाही, काही जण शेवटपर्यंत छताकडे बघत बसले, आणि त्यांची मला खात्री आहे की ते मोठेपणी मुख्याध्यापक होतील.

मुलगी आत गेली. उभ्या राहिलेल्यांकडे बघितलंही नाही. आपल्या बाकाचा खण हात घालून तपासला, रिकामा होता, आणि बसली. नवे सर म्हणाले, "चष्मा काढ, वर्गात गॉगल चालत नाही."

"चालतो," दारातून बाप म्हणाला. पहिल्यांदाच आवाज चढवून. "तो चालणार."

चालला.

शाळेचा उपक्रम उत्कृष्ट ठरला, ढाल मिळाली, ती मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे. भावजय पाचवीला खंड आणि महासागर शिकवते. जोडीजोडीनं बोलायचा सराव ती त्यांच्याकडून करून घेते, कुणाला न विचारता, आणि त्यासाठी तिला आणखी एक कागद मिळाला आहे. तिनं तो मला वाचून दाखवला आणि विचारलं, "यात बघण्यासारखं काय आहे?" मला हसू आलं नाही.

मुलगी रोज येते. नववीत गेली. एक मैत्रीण आहे म्हणे, दुसऱ्या तुकडीतली. भावजयीशी ती बोलत नाही. फाटकापाशी पाळी असली की भावजय उभी असते, आणि मुलगी चष्मा लावून बाजूनं निघून जाते. नमस्कार नाही, मान हलवणं नाही. बाकीच्या शिक्षकांना हे फार लागतं. "इतकं केलंत तिच्यासाठी, आणि बघा," असं ते हिला सांगतात. मी एकदा त्या शिक्षकांच्या खोलीत होते तेव्हा त्यांना विचारलं, नेमकं काय केलं हिनं? आपण केलेलं निस्तरलं, तेही निम्मं. त्याला पोरीनं हात जोडायचे?

भावजयीला हे मला सांगावं लागत नाही. ती संध्याकाळी येते, उभ्यानं चहा पिते, पाचवीच्या पोरांच्या तक्रारी सांगते, मुख्याध्यापकांना चार शिव्या घालते. मग कप कुठंतरी ठेवून निघताना दारात थांबून एवढंच म्हणते, "आज आली होती."